डाव्या हाताचे सात खुनी

प्रयागबाईंनी मला पहिल्यांदा झापलं ते वांग्यांच्या ढिगामागून. मंगरूळपीरचा बाजार भरला होता. मी झोळी पुढे केली होती आणि त्या तराजूत वांगी टाकत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मास्तर, तुमची बाई लय खोटी मरते."

मी चपापलो, कारण ती बाई म्हणजे मीच होतो.

ही गोष्ट एकोणीसशे सत्तावीस सालची. सिनेमाला तेव्हा वाचा फुटली नव्हती. पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवत. माझी नाटक कंपनी अकोल्यात मोडली, आणि रंग पुसलेल्या तोंडानं मी हिंडत असताना कारंज्याच्या मुनाफनं मला उचललं. त्याचा तंबूचा सिनेमा होता. पडद्याच्या कडेला स्टुलावर उभं राहून सगळ्या पात्रांचं बोलायचं, हे माझं काम. नायक मी, सासू मी, दरोडेखोर मी, घोडा होऊन खिंकाळायचोही मीच. आणि पडद्यावर एखाद्या बाईचा खून झाला की किंकाळी माझी. बारा वर्षं स्त्रीभूमिका केलेला गळा होता तो. कंपनीत मी विषानं, कट्यारीनं आणि विरहानं शेकडो वेळा मेलो होतो आणि दर वेळी टाळ्या घेऊन मेलो होतो. आता एक भाजीवाली सांगत होती की मला मरता येत नाही.

"खोटी म्हणजे काय हो, बाई?"

"तो तिचा गळा दाबून राह्यला अन् ती आरडून राह्यली. गळा दाबल्यावर आवाज कुठून निघन?"

शेजारी बांगड्या मांडून बसलेल्या जैतुनबी हसल्या. "अगं प्रयाग, खेळ हाये तो. खेळात आरडाच लागते."

"तू तं बोलूच नको. तू डोळे झाकून बसते तिथं."

"झाकते, पण येते तं रोज!"

हे मात्र खरं होतं. जैतुनबी खुनाचा एकही खेळ चुकवत नसत आणि एकही खून बघत नसत. ओढणी डोळ्यांवर घेऊन त्या प्रयागबाईंना कोपरानं ढोसत राहायच्या, "झालं का? मेली का?" आणि प्रयागबाई पडद्यावरची नजर न काढता सांगायच्या, "थांब. आता दाराची कडी लावून राह्यला."

हे सगळं मला दिसे, कारण माझं स्टूल अगदी मधोमध होतं. तंबूत पडदा शेवटाला नसे, मध्यभागी टांगलेला असे. पुढच्या अंगाला पुरुष बसत आणि पाठीमागच्या अंगाला बाया. खेळ सुरू व्हायच्या आधी मुनाफ पिचकारीनं पडदा भिजवून घेई, म्हणजे ओल्या कापडातून चित्र पलीकडे उतरे. हिंदू, मुसलमान, सगळ्या घरच्या बाया तिथं मोकळेपणानं येत. प्रयागबाईंची जागा ठरलेली होती, पडद्यापासून चौथ्या रांगेत. गावाबाहेर ओढ्याकाठी त्यांचा भाजीचा मळा होता, आणि नवरा इंद्रभान मोट हाकून दमला की पुरुषांच्या बाजूला येऊन घोरत असे.

त्या संध्याकाळी मी त्यांचं ऐकायचं ठरवलं. सिनेमा होता एका शांत माणसाचा. तो बायकोवर संशय घेतो, पण कधी ओरडत नाही. पोपटाला डाळ घालतो, दाराची कडी लावतो, आणि त्याच हातानं तिचा गळा धरतो. मग हात धुतो आणि जेवायला बसतो. रोज इथं माझी किंकाळी तंबूच्या कापडापर्यंत जाई. त्या दिवशी मी तोंड मिटून उभा राहिलो. मुनाफच्या यंत्राची टरटर तेवढी ऐकू येत होती. शेंगा फोडणारे हात थांबले. एक म्हातारा जागचा उठून उभा राहिला आणि आपण का उठलो हे न कळून परत बसला. बायांच्या बाजूनं कुणीतरी "अगं माय" म्हणालं, तेही अगदी हळू.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बापूराव आले. बापूराव पेन्शनर, गावात शब्दाला वजन असलेले, आणि तंबूत पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांची.

"हा खेळ बंद करा. घाणेरडा आहे. बायाबापड्या बघतात."

मुनाफ हात जोडून म्हणाला, "बापूरावसाहेब, आप तो चार दिवस से देख रहे हैं. वही खेळ है."

"चार दिवस हे मास्तर ओरडत होते. ओरडले की नाटक वाटतं. काल खरंच कुणीतरी मेल्यासारखं झालं. ती किंकाळी परत घाला. आणि शुक्रवारी हा खेळ काढून देवादिकांचा लावा."

मला मोठी गंमत वाटली. पडद्यावर एकही चौकट बदलली नव्हती. मी फक्त गप्प बसलो होतो, आणि तेवढ्यानं सोसवणारा सिनेमा न सोसवणारा झाला होता. पण मुनाफला गावात राहायचं होतं. त्या संध्याकाळी मी परत किंचाळलो. तंबूनं सुटकेचा श्वास टाकला आणि शेंगा फुटू लागल्या.

दुसऱ्या दिवशी प्रयागबाईंनी मला वांगी देताना दोन किडकी घातली. "पुन्हा नाटक सुरू केलं ना? घ्या मंग."

आता मला राहवेना. गावातल्या बाया देवाचे खेळ बघायच्या, रडायचे खेळ बघायच्या. ही बाई मात्र खुनाचा खेळ असेल तरच यायची, आणि तोच खेळ रोज बघायची. मी मळ्यात गेलो. त्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होत्या. पलीकडे त्यांची मुलगी अंजना मेथी खुडत होती.

"बाई, तुम्हाला हे खुनाचे खेळ का आवडतात?"

"आवडते असं कोनं सांगतलं?"

"रोज येता म्हणून म्हटलं."

त्यांनी जुडीची गाठ दातानं ओढली. मग एकदमच बोलायला लागल्या, जसं काही मी नाही, ती जुडीच ऐकत होती.

"माही मोठी बहीण होती, हौसा. देल्ली होती तिकडे मानोऱ्याच्या अंगाले. सहा महिन्यात निरोप आला, पटकीनं गेली म्हणून. आमी पोचलो तं राख. आजूबाजूच्या चार गावांत त्या साली पटकी नव्हती, मास्तर. तिचा नवरा आमच्या घरी यायचा तं गोड बोलायचा, हळू बोलायचा. माह्यासाठी चिवडा आणायचा. मी इतकी होती. मले अजून समजत नाही, असा माणूस कोणत्या घडीले बदलते? बदलते तं कुठं दिसते? डोळ्यात दिसते, का चालण्यात दिसते? घरात तं कोणी पायलं नाही. तुमच्या पडद्यावर दिसते म्हणून येते मी."

"मग काही दिसलं?"

"बाकीचे खेळ फालतू. त्यायचा खुनी पयल्यापासूनच मिशा पिळते. तसा असता तं माह्या बापानं हौसाले देल्ली असती काय? हा खेळ खरा हाये. हा माणूस डाळ घालते पोपटाले." एवढं बोलून त्या थांबल्या, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "अन् एक समजलं हाये मले. पण ते नाही सांगत."

ते काय, हे मला चारच दिवसांत कळलं.

अंजनाला अठरावं लागलं होतं, आणि त्या काळच्या हिशेबानं ते फारच उशिरा होतं. प्रयागबाईंनी चार स्थळं परतवली होती. गावात बोलणं सुरू झालं होतं की आता या घरी कुणी येणार नाही. अशात शेलूच्या शालिग्रामचं स्थळ आलं. घर चांगलं, मळा ओलिताचा. बापासोबत तो येऊन जेवून गेला. इंद्रभान खूश, अंजना तर गाणं गुणगुणत मेथी खुडत होती. पाहुणे गेले आणि प्रयागबाईंनी सांगितलं, "नाही."

इंद्रभान माझ्याकडे धावत आला. "मास्तर, तुमी सांगा तिले. मले कारण सांगत नाही. चांगला पोरगा हाये हो! पोरगी दोन दिसापासून जेवली नाही."

मी पुन्हा मळ्यात. या वेळी प्रयागबाई ताठ उभ्या होत्या.

"तो डावरा हाये."

"म्हणजे?"

"ऊस कापून देल्ला त्यानं अंजनाले. डाव्या हातानं कापला. म्या पायलं."

"मग? असतात माणसं डावरी."

"असतात ना. मास्तर, म्या तुमच्या तंबूत आजलग सात खुनी पायले. कोणी सुरा चालवला, कोणी इख कालवलं, अन् हा पोपटवाला. मी तोंड नाही पायत त्यायचं, तोंडानं माणूस फसवते. मी हात पायते. साती डावरे. एक बी सुटला नाही. हौसाचा नवरा बी डाव्यानंच चिवडा द्यायचा. आता आठवते मले."

मी हसणार होतो. हसू अगदी ओठांवर आलं होतं. आणि मग मला पडदा दिसला, मधोमध टांगलेला, ओला. आमच्या बाजूनं बघितलं तर उजवा हात. बायांच्या बाजूनं बघितलं तर डावा. स्टुलावर उभा राहून मी रोज दोन्ही बाजू बघत होतो, आणि हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"बाई, तुम्ही भल्या माणसांचे हात कधी बघितले? नायकाचे?"

"भल्या माणसाच्या हाताकडे कोन पायते?"

मी त्यांना समजावलं. कापड, उजेड, पुढची बाजू, मागची बाजू. मातीत काडीनं आकृती काढली. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं जुनी वांगी ताजी म्हणून विकणाऱ्याकडे बघावं. "इंद्रभाननं शिकवून पाठवलं तुमाले."

शेवटी मुनाफला गळ घातली. दिवेलागणीला, लोक यायच्या आधी, त्यानं प्रयागबाईंना पुरुषांच्या बाजूला बसवलं. बरोबर जैतुनबी होत्या, ओढणी तयार ठेवून. मुनाफच्या तंबूत त्या बाजूला बसलेल्या या पहिल्या बाया. मुनाफनं तेवढाच तुकडा लावला. पोपट, कडी, गळा.

उजवा हात होता.

प्रयागबाई उठून पडद्यामागे गेल्या. "पुन्हा लावा." मुनाफनं पुन्हा लावला. त्या परत पुढे आल्या. "पुन्हा." तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्या बापूरावांच्या खुर्चीत बसल्या, कुणाची आहे हे न बघता.

"साती?"

"सातही उजवे, बाई," मी म्हणालो. "बहुतेक सगळे उजवेच असतात."

मला वाटलं होतं त्यांना हलकं वाटेल. अंजनाचं लग्न आता होईल, इंद्रभान हसेल, आणि माझी वांगी सुधारतील. त्या मात्र पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग वळखाव कसं?"

मुनाफ यंत्र पुसत राहिला. जैतुनबींनी डोळ्यांवरची ओढणी काढून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "अन् तो चिवडा," प्रयागबाई पुटपुटल्या, "तो कोणत्या हातानं द्यायचा, ते मले खरंच आठवत नाही, जैतुन."

त्या लवकर हार मानणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "शालिग्रामले बोलावलं हाये गुरुवारी. खेळ पाहाले. तुमचं स्टूल मधात हाये, तुमाले दोन्ही बाजू दिसतात. तो काय करते ते पाहा. अन् आरडू नका."

गुरुवार त्या खेळाचा शेवटचा दिवस. मुनाफ म्हणाला, "चुप रहो मास्तर, कल तो वैसे भी भगवान आ रहे हैं."

ती जागा आली. मी गप्प झालो आणि पहिल्यांदाच पडद्याकडे पाठ करून पुरुषांची तोंडं बघितली. पडद्याच्या उजेडात ती सगळी एकसारखी पांढुरकी दिसत होती. खेळ घाणेरडा म्हणणारे बापूराव इतके पुढे झुकले होते की खुर्चीचे मागचे पाय उचलले गेले होते. इंद्रभान चक्क जागा होता. एक शांत, देवभोळा म्हणून माहीत असलेला दुकानदार ओठ चावत होता. आणि चौथ्या रांगेत शालिग्रामनं दुपट्टा डोक्यावरून ओढून घेतला होता. त्या शांततेत त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "झालं काय? सांगा ना कोणी, झालं काय?"

पडद्यापलीकडून जैतुनबी ओरडल्या, "मले काय मालूम बाप्पा, मी बी डोळे झाकून हाये!"

तंबू असा हसला की मुनाफला यंत्र थांबवावं लागलं. बापूरावसुद्धा हसले. त्या सिनेमातला खून त्या दिवशी कुणी नीट बघितलाच नाही.

सकाळी मी निकाल घेऊन मळ्यात पोचलो. "बाई, पोरगा मऊ काळजाचा आहे. त्याला बघवतच नाही. देऊन टाका अंजना."

"त्याले पाहवत नाही म्हणून तो चांगला?"

"मग काय!"

"अन् मले पाहवते. रोज पाहवते. मंग मी काय खुनी हाओ?"

मी बांधावर बसलो.

"बापूरावले बी पाहवते. त्यानं अख्ख्या जल्मात मुंगी मारली नाही. भेदरट माणूस बी बायकोले मारते, मास्तर. कधी कधी तोच जास्त मारते. तो भेतो, इतकंच समजलं. बाकी काही समजलं नाही." मग त्या मागे वळल्या. "अंजने, इकडे ये. तुले काय दिसलं त्याच्यात? मायले सांग, लाजू नको."

अंजना मातीनं भरलेले हात पुसत आली. "त्यानं आपल्या बैलाचा खांदा पायला. जू घासून जखम झाली ना, ती. बाबाले म्हणे, याले चार दिवस जुपू नका. बाबा म्हणे, पाणी कोन ओढन? तं म्हणे, मी गडी पाठवतो. अन् पाठवला त्यानं. तुले सांगतलं नाही बाबानं, तू रागात होती म्हणून."

प्रयागबाईंनी मुलीकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या, "हे पडद्यावर नसते दिसलं."

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मी होतो, मुनाफही होता. कुंकू लावायच्या आधी प्रयागबाई व्याह्यांसमोर उभ्या राहिल्या. मुलीची आई व्याह्यांशी असं तोंडावर बोलत नसे.

"माही एक अट हाये. शेलूच्या दर बाजाराले मी भाजी घेऊन येईन. तुमच्या घरी येईन. बसीन, पाणी पिईन, जेवीन बी."

मांडवात एकदम कालवा झाला. आमच्याकडे आईबाप लेकीच्या सासरी पाण्याचा थेंब घेत नाहीत. पहिलं मूल होईपर्यंत तर नाहीच. शालिग्रामचा बाप लालबुंद झाला. "बाई, हे काय बोलून राह्यले तुमी? लोक काय म्हणतीन? आमच्यावर भरोसा नाही काय?"

"नाही," प्रयागबाई म्हणाल्या. "भरोसा येईन हळूहळू. माह्या मायनं हा नेम पाळला होता. सहा महिने हौसाच्या घरी कोणी पाय ठेवला नाही."

इंद्रभान जमिनीकडे बघत होता. अंजनाची मान खाली होती. तेवढ्यात शालिग्राम बापाच्या कानाशी वाकला. त्याला हळू बोलायची सवय नव्हती, हे तंबूत सगळ्यांना कळलंच होतं.

"येऊ द्या ना, बाबा. शेलूत चांगला सांबार भेटतच नाही."

बापानं त्याच्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता स्थळ मोडलं. मग तो स्वतःच हसला. "आना बाई, आना सांबार. जेवा बी. आता काय!"

लग्न झालं. एका बाजाराला मी प्रयागबाईंच्या गाडीतून शेलूला गेलो, जुड्यांच्या मधे बसून. दुपारी त्या भाजी आवरून लेकीच्या घरी निघाल्या आणि मला म्हणाल्या, "चला, तुमी बी." ओटीवर सासू धान्य निवडत होती, तिनं सतरंजी टाकली. अंजना आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

प्रयागबाईंनी तो लगेच घेतला नाही. त्यांनी अंजनाचा चेहरा बघितला, मान बघितली, मग दोन्ही मनगटं आपल्या हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली. सासू बघत होती. तिनं धान्य निवडणं थांबवलं नाही आणि रागही धरला नाही. जणू हे दर बाजाराचं होतं. अंजना हसून म्हणाली, "बस ना माय, झालं."

मग प्रयागबाईंनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.